थंडीचे कपडे पेटीत ठेवताना

होळी झाली. थंडी सरली. आता स्वेटर नको, शाल नको, कानटोपीही नको. मग आपण काय करतो? अंगातला स्वेटर काढतो, त्याची घडी घालतो आणि तसाच पेटीत टाकतो. झाकण लावले, की काम झाले!

पुढे सहा-सात महिने ती पेटी कुणी उघडत नाही. दिवाळी येते. पहाटे गारठा पडू लागतो. पोरे कुडकुडतात. पेटी उघडून बघावे, तर शालीला बारीक बारीक भोके पडलेली. स्वेटरची बाही चाळणीसारखी झालेली. मग हळहळ वाटते. ऐन थंडीत नवा कपडा घ्यायला पैसे कुठून आणायचे?

"पेटी तर बंद होती. मग किडा आत शिरला कुठून?" असे आपण म्हणतो.

पुष्कळ वेळा किडा मागाहून शिरत नाही. आपणच त्याला कपड्यांबरोबर पेटीत ठेवतो. हे कसे होते, ते आधी बघू. मग कपडे कसे ठेवायचे ते बघू.

कसर म्हणजे काय?

लोकर खाणाऱ्या या किड्याला आपण कसर म्हणतो. "शालीला कसर लागली," असे बायका म्हणतात ना, तीच ही.

कसरीचे एक बारीक पाखरू असते. ते गव्हाच्या दाण्याएवढे असते. रंग वाळल्या गवतासारखा पिवळसर आणि चकचकीत. दिव्याभोवती फिरणारी पाखरे आपण रोज बघतो. हे पाखरू तसे नाही. त्याला उजेड आवडत नाही. अंधारात, घडीत, शिवणीत ते लपते. कपडा हलवला, की तुरुतुरु पळते.

आता गंमत ऐका. हे पाखरू कपडा खात नाही. त्याला खाण्याजोगे तोंडच नसते. ते फक्त अंडी घालते. एक मादी ४०-५० अंडी घालते. अंडे टाचणीच्या टोकाएवढे असते. सहजी डोळ्यांना दिसत नाही. हवा उबदार असली, की ४ ते १० दिवसांत अंडे फुटते आणि त्यातून अळी निघते.

ही अळी खादाड. रंगाने पांढुरकी, डोके तपकिरी. कपडा खाते ती हीच. खाता खाता ती कोळ्याच्या जाळीसारखे पांढरे धागे विणते. पोट भरून वाढली, की कोष करते. कोषातून पुन्हा पाखरू निघते. ते पुन्हा अंडी घालते.

म्हणून पाखरू उडताना दिसले आणि आपण ते मारले, एवढ्याने भागत नाही. त्याने अंडी घातली असतील, तर अळ्या होणारच.

ऊब आणि दमटपणा असला, की कसर झपाट्याने वाढते. आपण थंडीचे कपडे ठेवतो केव्हा? उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात. म्हणजे ऐन तिच्या सुगीतच!

तिला काय आवडते?

आपल्या केसांत, नखांत, जनावरांच्या शिंगांत एक चिवट द्रव्य असते. तेच लोकरीत असते, पिसांतही असते. हे द्रव्य बहुतेक किड्यांना पचत नाही. कसरीच्या अळीला पचते. म्हणून ती लोकर, पिसे, केस खाते. रेशीमही खाते.

पण नुसत्या स्वच्छ लोकरीवर ती नीट पोसत नाही. तिला तोंडी लावणे लागते. ते कोणते? आपल्या घामातले मीठ, अंगाचे तेल, शालीवर सांडलेले कालवण, दूध, चहा. म्हणून बघा, स्वेटरला भोके पडतात ती बहुतेक गळ्याशी, काखेत, बाहीच्या टोकाला. जिथे मळ, तिथे कसर.

ही गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. पुढचे सगळे हिच्यावरच आहे. मळका कपडा पेटीत ठेवणे म्हणजे अळीला जेवण वाढून ठेवणे.

आपला कपडा लोकरीचा आहे का?

आजकाल बाजारात लोकरीसारखे दिसणारे कपडे पुष्कळ मिळतात. स्वस्तातले बरेच स्वेटर ॲक्रिलिकचे असतात. हा कारखान्यात केलेला धागा. तो कसर खात नाही. पण त्यात थोडी लोकर मिसळलेली असली किंवा तो मळका असला, तर त्यालाही दात लागतात.

स्वेटरच्या आत गळ्याशी किंवा बाजूच्या शिवणीला एक चिठ्ठी शिवलेली असते. तुम्हाला आता वाचता येते. ती वाचा. ती इंग्रजीत असली, तर शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वाचून घ्या.

चिठ्ठी नसेल तर एक सोपी परीक्षा आहे. शिवणीतला एक धागा काढा. तो चिमट्यात धरून दिव्यावर जाळा. मुलांना दूर बसवा.

केस जळल्यासारखा वास आला, ज्योतीतून काढताच धागा विझला आणि बोटाने चुरडेल अशी काळी राख झाली, तर तो लोकरीचा. कागद जळल्यासारखा वास आला आणि मऊ करडी राख पडली, तर तो सुताचा. धागा वितळला आणि कडक गाठ झाली, तर तो कारखान्यातल्या धाग्याचा. ती गाठ गरम असते. लगेच हात लावू नका.

आधी धुवा, मग ठेवा

एका घरी सून पेटी भरत होती. ती सासूला म्हणाली, "आत्याबाई, पेटीत डांबरगोळ्या टाकल्या की झालं. धुवायचं कशाला एवढं?"

सासू म्हणाली, "अगं, खरकट्या भांड्यावर झाकण ठेवलं, म्हणून भांडं साफ होतं का?"

सासूचे बोलणे खरे होते. गोळी मागून. धुणे आधी.

पण लोकर सुती कपड्यासारखी धुवायची नसते. लोकरीच्या प्रत्येक तंतूवर माशासारखे बारीक खवले असतात. कढत पाण्यात घालून चोळले, की हे खवले एकमेकांत अडकतात. मग स्वेटर आटतो आणि जाड होतो. बापाचा स्वेटर पोराला होतो, म्हणतात ना, तसे! एकदा आटलेला स्वेटर पहिल्यासारखा होत नाही.

धुण्याचा सोडा लोकरीला मारक आहे. डाग घालवण्याचे ब्लीचिंगचे पाणी तर लोकर विरघळवते. ही दोन्ही लांब ठेवा.

आपला जुना रिठा लोकरीला चांगला. तो असा वापरा:

१. एका स्वेटरला १०-१२ रिठे घ्या. फोडून बिया काढा. साले रात्री पाण्यात भिजत घाला.

२. सकाळी ते पाणी उकळा. निवले की साले हाताने कुस्करा. पाणी गाळून घ्या. हे पाणी डोळ्यांत जाऊ देऊ नका. फार झोंबते.

३. बादलीभर साध्या पाण्यात ते मिसळा. फेस येईल.

४. खिसे तपासा. विडीचा तुकडा, सुपारीचे खांड, काय काय निघते! मग कपडा त्या पाण्यात बुडवा. हाताने हलके दाबा आणि सोडा. घासू नका. दगडावर आपटू नका. धोपटण्याने बडवू नका.

५. मळ निघाला की साध्या पाण्यातून दोन-तीन वेळा काढा. फेस उरता कामा नये.

६. पिळू नका. दाबून पाणी काढा. मग कोरड्या पंचात गुंडाळून पुन्हा दाबा.

७. बाजेवर धडपे अंथरा. त्यावर कपडा सावलीत पसरा. दोरीवर टाकाल, तर पाण्याच्या वजनाने तो लांबेल.

रिठे नसले, तर लोकरीसाठी मिळणारा सौम्य साबण घ्या. त्याच्या पाकिटावर किती घालायचा ते लिहिलेले असते. तेवढाच घाला.

धुतलेल्या कपड्याला खळ लावू नका. खळ पिठाची. ती झुरळांना आणि इतर किड्यांना आवडते.

घोंगडीचे काय?

घोंगडी ही आपल्याकडची जुनी लोकरीची वस्तू. धनगराच्या मेंढीची लोकर कातरायची, पिंजायची, सूत कातायचे, ते मागावर विणायचे. एका घोंगडीमागे किती हातांचे कष्ट! उभ्या सुताला चिंचोक्याची खळ देतात. म्हणून नवी घोंगडी ताठ लागते.

घोंगडी फक्त थंडीची नव्हे. शेतकरी ती पावसातही डोक्यावर घेतो. रोज वापरातल्या घोंगडीला कसर लागायची भीती कमी. रोज झटकली, रोज हलवली, की पाखराला बसायला सवड मिळत नाही. भीती आहे ती घडी घालून कोनाड्यात पडून राहिलेल्या घोंगडीला.

ती दरवेळी धुवायला हवी असे नाही. पण डाग पडला असेल, तर तेवढा भाग रिठ्याने धुवा. मग कडक उन्हात टाका. दोन्ही बाजूंनी ऊन द्या. काठीने झोडपा. धूळ निघून जाईल. पावसात भिजलेली घोंगडी ओली असताना कधीही गुंडाळून ठेवू नका.

गोधडी सुती धडप्यांची. तिला कसर लागत नाही. पण उंदीर कुरतडतात, ढेकूण राहतात, ओल लागली तर बुरशी येते. तिलाही धुणे आणि ऊन हवेच.

ऊन द्या, झटका

धुतलेले कपडे वाळले, की एका कोरड्या दिवशी बाहेर आणा. मृग नक्षत्र ७-८ जूनच्या सुमारास लागते. त्याच्या आत हे काम उरका. चैत्र-वैशाखातले ऊन फुकट आहे आणि त्यासारखे औषध नाही.

दोन-तीन तास ऊन दाखवा. रंगीत शाल फार वेळ ठेवू नका, रंग विटेल. कपडा उलटा करा. कॉलर उलगडा. खिसे बाहेर काढा. शिवणीवरून मऊ ब्रश फिरवा. अळी उजेडाला भिते. झटकली की खाली पडते. अंडीही झडून जातात. म्हणून झटकणे घरापासून दूर, अंगणाच्या कडेला करा.

उन्हातून आणलेला कपडा तापलेला असतो. तो तसाच पेटीत घालू नका, आत वाफ धरेल. घडीभर सावलीत निवू द्या. पण चार दिवस बाजेवर ठेवूही नका. तेवढ्यात पाखरू येऊन बसेल. निवला, की लगेच पेटीत.

पेटी कशी भरावी?

पत्र्याची पेटी सर्वांत चांगली. उंदीर ती कुरतडत नाही आणि वाळवी ती खात नाही. पेटी रिकामी करा. कोपरे पुसा. उन्हात तापवा. गंज असला तर घासून काढा, नाहीतर कपड्यावर तांबडे डाग पडतील. तळाला जुन्या लुगड्याचे धुतलेले धडपे अंथरा.

जड कपडे खाली, हलके वर ठेवा. कपडे ठासून भरू नका. एकेक कपडा स्वच्छ सुती फडक्यात बांधा. झाकण नीट बसत नसेल, तर फटीवर कागदाची पट्टी चिकटवा.

पेटी नसली तरी अडत नाही. घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा चालतो. तोंड घट्ट बांधलेली जाड प्लॅस्टिकची पिशवीही चालते. पण कपडा अगदी कोरडा हवा. थोडी जरी ओल राहिली, तर पिशवीत बुरशी येईल.

एक गोष्ट मात्र कधीही करू नका. खताची रिकामी गोणी किंवा पिकावरच्या औषधाचा रिकामा डबा कपड्यांसाठी घेऊ नका. कितीही धुतला तरी विष राहते. पिकावरची पूड कपड्यांत टाकणे तर फारच घातक. जे किड्याला मारते, ते पोरालाही मारते.

पेटी जमिनीला टेकवू नका. सारवलेली जमीन ओल धरते. खाली विटा ठेवा. भिंतीपासून वीतभर दूर ठेवा. आणि वर छताकडे बघा. आढ्याला चिमणीचे किंवा पारव्याचे जुने घरटे असते. त्यात पिसे असतात. त्या पिसांतही कसर वाढते. घरट्यात अंडी-पिले नसतील, तेव्हा ते रिकामे घरटे काढून टाका.

शेवटी एका कागदावर लिहा: पेटीत काय ठेवले आणि कोणत्या तारखेला. तो कागद झाकणाच्या आत चिकटवा. तुम्ही लिहायला शिकला आहात, त्याचा असा रोजच्या संसारात उपयोग होतो.

लिंबाचा पाला आणि डांबरगोळ्या

कडुलिंबाचा पाला पुष्कळ लोक घालतात. घालायला हरकत नाही. पण तो सावलीत खडखडीत वाळवून घाला. ओला पाला घातलात, तर उलट बुरशी येईल. लिंबाच्या वासाने पाखरू थोडे दूर राहते. पण कपड्यात आधीच असलेली अळी त्याने मरेल, या भरवशावर राहू नका.

डांबरगोळ्या पांढऱ्या असतात. मग त्यांना डांबरगोळ्या का म्हणतात? दगडी कोळशाच्या डांबरापासून निघणारे नॅप्थलीन त्यांत असते, म्हणून. ही गोळी पातळ न होता हवेत विरून जाते. तिची वाफ पेटीत कोंडली, तरच कसर मरते. फटी असलेल्या पेटीत किंवा उघड्या कोनाड्यात गोळी ठेवून उपयोग नाही.

ही वाफ हवेपेक्षा जड असते. ती खाली उतरते. म्हणून गोळ्या तळाला नकोत, वर ठेवा. कागदात गुंडाळा. कपड्याला लागू देऊ नका. किती घालायच्या, ते पाकिटावर वाचा.

गोळी म्हणजे विष

डांबरगोळी पेपरमिंटसारखी दिसते. लहान मूल ती तोंडात घालते. तिने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. मूल पांढरे पडते, डोळे पिवळे होतात, लघवी काळपट होते. मुलाचा जीवही जाऊ शकतो.

मुलाने गोळी गिळली, असे नुसते वाटले तरी थांबू नका. उलटी करवू नका. दूध, तूप, तेल पाजू नका. स्निग्ध पदार्थाने विष अंगात लवकर भिनते. गोळ्यांचे पाकीट हातात घ्या आणि मुलाला तडक दवाखान्यात न्या. गाडी नसेल तर १०८ वर फोन करा.

कापरालाही हे लागू आहे. कापूर गिळला, तर मुलाला झटके येतात. दोन्ही वस्तू मुलांच्या हाताला लागतील अशा ठेवू नका.

तान्ह्या बाळाला फार जपा. घरात बाळ जन्माला येते. थंडी असते. आजी मायेने पेटी उघडते, डांबरगोळ्यांतले दुपटे काढते आणि बाळाला गुंडाळते. त्या कपड्यातली वाफ बाळाच्या श्वासात जाते, कातडीतूनही जाते. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच एक उणीव असते. ती वरून दिसत नाही. अशा बाळाला एवढ्याने जबर कावीळ होते. म्हणून बाळाचे कपडे डांबरगोळ्यांत ठेवूच नका. ते धुऊन, वाळवून वेगळ्या डब्यात नुसते ठेवा.

पावसाळ्यात आणि दिवाळीत

पावसाळ्यात मध्येच उघाड पडते. लखख ऊन येते. त्या दिवशी पेटी उघडा. कपडे बाहेर काढा, झटका, ऊन द्या आणि पुन्हा ठेवा. एवढे एकदा केले, तरी पुष्कळ फरक पडतो. कुबट वास आला, तर ओल आहे असे समजा.

कपड्यावर पांढरी जाळी, वाळूसारखे बारीक कण किंवा भोके दिसली, तर कसर लागली. घाबरू नका. तो कपडा लगेच वेगळा करा. बाहेर नेऊन झटका, धुवा. वाळल्यावर त्यावर ओलसर सुती फडके ठेवा आणि गरम इस्त्री फिरवा. वाफेच्या उष्णतेने अंडी आणि अळ्या मरतात. पेटीतले बाकीचे कपडेही तपासा. पेटीचे कोपरे साफ करा. लहान भोके लगेच रफू करा.

दसरा झाला, की थंडीची वाट बघू नका. कपडे आधीच काढा. डांबरगोळ्यांत ठेवलेले असतील, तर एक-दोन दिवस उघड्या हवेत आणि उन्हात ठेवा. वास पुरता गेल्याशिवाय अंगात घालू नका. उरलेल्या गोळ्या मोजून उचला. एखादी घरात घरंगळली नाही ना, ते बघा.

एक सकाळ धुण्यात जाईल, एक दुपार उन्हात जाईल. पण म्हाताऱ्याची शाल आणि पोराचा स्वेटर आणखी किती तरी हिवाळे टिकेल.

लक्षात ठेवा

मळका कपडा पेटीत ठेवू नका.
ओला कपडा पेटीत ठेवू नका.
ऊन दिल्याशिवाय, झटकल्याशिवाय ठेवू नका.
पिकावरचे औषध कपड्यांजवळ आणू नका.
डांबरगोळी मुलांपासून लांब ठेवा. बाळाच्या कपड्यांत ती नकोच.

वाचा आणि सांगा

१. कपडा कोण खाते, पाखरू की अळी?
२. स्वेटरला गळ्याशी आणि काखेत भोके जास्त का पडतात?
३. लोकर कढत पाण्यात का धुवू नये?
४. डांबरगोळ्या पेटीत वर का ठेवायच्या?
५. तुमच्या घरच्या पेटीत काय काय आहे? एका कागदावर लिहून काढा.